गर्दीच्या बारवर ड्रिंक लवकर कसं मिळतं, आणि टिप कुणाला, किती, कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शनिवारची रात्र, नाशिकच्या गंगापूर रोडवरचा एक क्लब, सहा मित्रांचा ग्रुप. टेबल मिळालं नाही म्हणून सगळे बार काउंटरला उभे राहिले. वीस मिनिटं झाली तरी बारटेंडरने वळूनही बघितलं नाही. शेजारी उशिरा आलेल्या एकाने पाचशेची नोट हलवली आणि तो ग्लास घेऊन गेलासुद्धा. म्हणजे टिप आधीच द्यायची असते का? किती द्यायची? आणि न देणाऱ्याने तसंच उभं राहायचं का?

मी नाशिकमध्येच बारच्या आतल्या बाजूने काम केलंय. हेल्पर म्हणून सुरुवात केली, मग बारटेंडर झालो, आता बार सांभाळतो. म्हणून काउंटरच्या आतून काय दिसतं ते आधी सांगतो. ते कळलं की टिपचा प्रश्न निम्मा सुटतो.

शनिवारी साडेअकरा वाजता बारवर माणसांच्या तीन रांगा असतात. पहिली रांग काउंटरला टेकलेली, दुसरी तिच्या खांद्यावरून बघणारी, तिसरी नुसतेच हात वर केलेली. पण बारटेंडरचं काम फक्त या तीन रांगांचं नसतं. आपल्याकडच्या क्लबमध्ये बहुतेक दारू टेबलांवर जाते. स्टुअर्ड टेबलावर ऑर्डर घेतो, ती छापून बारवर येते, तिला आम्ही बीओटी, म्हणजे बार ऑर्डर टिकेट, म्हणतो. किचनची जशी केओटी तशी बारची बीओटी. तुम्ही समोर उभे असता तेव्हा बारटेंडरच्या डाव्या हाताला अशा सात-आठ चिठ्ठ्या लटकत असतात. तो मान खाली घालून काम करतोय आणि तुमच्याकडे बघत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की तो न दिसणाऱ्या टेबलांसाठी ओततोय. त्याच्या मागे कॅप्टन, म्हणजे स्टुअर्डांवर देखरेख करणारा, उभा राहून ‘बारा नंबरचं काय झालं’ म्हणून विचारत असतो.

म्हणून पहिली गोष्ट, उभं कुठे राहायचं. काउंटरच्या एका टोकाला जाळीचा रबरी मॅट, ट्रे आणि भरलेले ग्लास दिसतात. तिथून स्टुअर्ड माल उचलतात. तिथे कधीच उभे राहू नका. बारटेंडर तिथे सारखा येतो, त्यामुळे जागा मोक्याची वाटते, पण तो तिथे स्टुअर्डसाठी येतो आणि तुम्ही वाटेत उभे असता. चांगली जागा म्हणजे बिलिंग मशीनच्या जवळची. प्रत्येक ड्रिंकनंतर त्याला तिथे परत यावंच लागतं, आणि मशीनवर बोट ठेवून मान वर केली की समोर दिसेल तो पुढचा. मोठ्या बारवर दोन-तीन बारटेंडर असतात आणि प्रत्येकाचा पट्टा ठरलेला असतो. मिनिटभर नुसतं बघा, कोण कुठून कुठपर्यंत फिरतोय ते कळतं. दोघांच्या पट्ट्यांच्या मध्ये उभे राहिलात तर दोघंही तुम्हाला दुसऱ्याचा गिऱ्हाईक समजतात. बरेच लोक अर्धा तास ताटकळतात ते याच जागेवर.

दुसरी गोष्ट, नंबर. बारवर रांग नसते असं बाहेरून वाटतं, पण असते. ती बारटेंडरच्या डोक्यात असते. निळा शर्ट, मग चष्मेवाला, मग त्या दोघी, मग टोपीवाला. चांगला बारटेंडर पाच-सहा चेहऱ्यांचा क्रम सहज धरून ठेवतो. त्या यादीत नाव चढवण्याचा मार्ग म्हणजे एकदा डोळ्याला डोळा भिडणं. हात काउंटरवर, हातात कार्ड किंवा पैसे, चेहरा त्याच्याकडे. मोबाईलमध्ये नाही, मित्राकडे तोंड वळवून नाही. त्याने मान हलवली की तुमचा नंबर लागला. आता त्याला परत हाक मारायची गरज नाही, आणि जागा सोडून नाचायलाही जायचं नाही. गेलात तर नंबर गेला.

चुटक्या वाजवणं, शिट्टी मारणं, काउंटरवर ग्लास आपटणं, ‘ए छोटू’, ‘ओय वेटर’ अशा हाका मारणं, याने नंबर मागे जातो, पुढे नाही. हे मी कुठल्याही बारटेंडरची बाजू घेऊन नाही, जसं घडतं तसं सांगतोय. आतला माणूस तुमचा आवाज ऐकतो आणि ठरवून दुसऱ्या बाजूला वळतो. ‘दादा’ म्हणा, ‘भाऊ’ म्हणा, तो तुमच्यापेक्षा वयाने लहान असला तरी म्हणा. कॉलेज रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत कुठल्याही बारवर हे चालतं.

यातली सगळ्यात उपयोगी सवय फारच कमी लोकांना असते. बारटेंडर तुमच्याकडे आला आणि शेजारचा तुमच्या आधीपासून उभा आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर ‘हे आधी आहेत’ एवढं म्हणा. तुमचे चाळीस सेकंद जातात. पण गर्दीत त्याच्यासाठी क्रम सांभाळणारं बाहेरच्या बाजूला दुसरं कोणी नसतं. तो हे लक्षात ठेवतो, शेजारच्याचं देऊन थेट तुमच्याकडे येतो, आणि उरलेली रात्र तुमचा चेहरा त्याच्या ओळखीचा असतो. पाचशेची नोट हलवून हे विकत मिळत नाही.

आता ऑर्डर. वीस मिनिटं थांबलेला माणूस नंबर आल्यावर मागे वळून ‘अरे, तू काय घेणार?’ विचारायला लागतो, तेव्हा आतल्या माणसाला काय वाटत असेल याची कल्पना करा. सहा जणांचं आधी ठरवून घ्या आणि एकाच माणसाने सांगा. पूर्ण राउंड एका दमात: ब्रँड, माप, मिक्सर. ‘दोन ब्लेंडर्स लार्ज सोडा-पाणी, एक ओल्ड मंक लार्ज कोकबरोबर, दोन किंगफिशर पाइंट, एक मोहितो.’ बस्स. एवढं नीट सांगितलं तर तो हातातलं काम न सोडता ऐकतो. लार्ज म्हणजे ६० मिली आणि स्मॉल म्हणजे ३०, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी अर्ध्या ऑर्डरी नुसत्या ‘एक व्हिस्की’ अशा येतात. मग कुठली, किती, कशाबरोबर असे तीन उलटे प्रश्न, तेही डीजेच्या आवाजावर ओरडून. आवाज फारच असेल तर फोनवर मोठ्या अक्षरात ऑर्डर लिहा आणि स्क्रीन त्याच्याकडे करा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आम्हाला ते फार आवडतं.

सगळ्या ड्रिंक्सना सारखा वेळ लागत नाही. व्हिस्की-सोडा म्हणजे बर्फ, पेग, सोडा, झालं. पाइंटचं, म्हणजे बिअरच्या छोट्या बाटलीचं, झाकण उडवायला तर दोन सेकंद. मोहितोला पुदिन्याची पानं निवडायची, लिंबाच्या फोडी आणि साखर घालून दांड्याने ठेचायचं (पानं फाटली की कडू होतात, म्हणून दमाने), बारीक बर्फ भरायचा, रम मोजायची, सोडा, ढवळणं, वर पुन्हा पुदिना. लाँग आयलंडमध्ये व्होडका, जिन, रम, टकीला आणि ट्रिपल सेक अशा पाच बाटल्या उचलून मोजाव्या लागतात. सहा जणांनी सहा वेगवेगळी कॉकटेल मागवली तर तो एक राउंड दहा-बारा माणसांचा वेळ खातो. कॉकटेल प्यायची असतील तर साडेनऊला या. तेव्हा बारटेंडर तुमच्याशी बोलेल, चव विचारेल, मनापासून बनवून देईल. साडेअकराला सगळ्यांनी एकच कॉकटेल मागवा किंवा साधं घ्या. आणि आपण नाशिकचे लोक क्लबमध्ये गेलो की वाइन जवळजवळ मागवतच नाही. गाव द्राक्षांचं आहे, बाटली बहुधा बारमध्ये आधीच उघडलेली असते, आणि ग्लासभर वाइन ओतायला पाइंट उघडण्याएवढाच वेळ लागतो.

जाता जाता एक विनंती. रिकामा ग्लास परत देताना बर्फाच्या पेटीवरून हात लांब करून देऊ नका. काउंटरच्या आत, बारटेंडरच्या पोटाशी स्टीलची बर्फाची पेटी असते. तिच्यावर ग्लास फुटला तर काच आणि बर्फ वेगळे ओळखता येत नाहीत. मग सगळा बर्फ उपसून टाकायचा, पेटी गरम पाण्याने धुवायची, पुसायची, मागून नवा बर्फ आणायचा. ऐन गर्दीत दहा मिनिटं बार बंद. ग्लास काउंटरच्या कडेला ठेवा, हेल्पर उचलतो.

आता पाचशेच्या नोटेकडे येतो. खरं सांगायचं तर, कधीकधी चालते. नवीन मुलगा असेल, कॅप्टनचं लक्ष नसेल, तर तो नोट बघून येतो. पण पुढे काय होतं ते बघा. समोरच्या तीन-चार जणांनी ते पाहिलेलं असतं. त्यातला एखादा दर आठवड्याला येणारा असतो, तो कॅप्टनकडे जातो. त्या मुलाला बोलणी बसतात. पुढच्या राउंडला तोच माणूस पुन्हा नोट हलवतो तेव्हा मुलगा मुद्दाम दुसरीकडे बघतो, कारण आता त्याच्यावर नजर आहे. हवेत हलवलेली नोट म्हणजे ‘याला विकत घेता येतं’ असं चारचौघांत सांगणं. बारच्या आत उभं राहणारी पोरं सुरगाण्याची, पेठची, कळवणची असतात, नेपाळची, उत्तराखंडची असतात. कुणी गावाकडे पैसे पाठवतो, कुणी बहिणीची फी भरतो. त्यांना पैसे हवे असतात, पण असे नाही.

ज्याला टिप देऊन रात्र सोपी करायची आहे त्याने पहिल्या राउंडला द्यावी. पहिल्या राउंडच्या आधी नको आणि रात्रीच्या शेवटीही नको. आधी दिली तर ती लाच वाटते. शेवटी दिली तर चांगलीच गोष्ट, पण तोवर तुम्हाला तिचा उपयोग संपलेला असतो. पहिले ग्लास समोर आले, पैसे दिले, त्याच वेळी पन्नास किंवा शंभरची घडी केलेली नोट त्याच्या हातात द्या आणि सरळ म्हणा, ‘हे तुमच्यासाठी’. काउंटरवर ठेवू नका. काउंटर ओला असतो, नोट चिकटते, भिजते, किंवा हेल्पर पुसून नेतो. आणि मग रात्रभर त्याच बारटेंडरकडे, त्याच जागी या. टिपचा फायदा एका माणसाशी ओळख होण्यात आहे. दर वेळी नवा कोपरा आणि नवा बारटेंडर गाठलात तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

‘राहू द्या’ किंवा ‘ठेवा’ असं मोघम म्हणू नका. बाराशेचं बिल, तुम्ही दीड हजार दिले आणि ‘ठेवा’ म्हणालात, म्हणजे काय? हे बिलाचे, की वरचे तीनशे माझे, की पुढच्या राउंडचे आगाऊ? रात्री बंद करताना गल्ल्यातली रोकड बिलांशी जुळवतात. पैसे जास्त निघाले तरी प्रश्न विचारले जातात, म्हणून शहाणा मुलगा असे पैसे स्वतःचे धरत नाही. ‘शंभर तुमचे, दोनशे परत द्या’ असं स्पष्ट बोला.

किती, हा प्रश्न अमेरिकन व्हिडिओ बघून फार गुंतागुंतीचा झालाय. दर ड्रिंकला एक डॉलर, बिलाच्या वीस टक्के, असं पोरं ऐकतात आणि इथे लावायला बघतात. तिकडचं गणितच वेगळं आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला तिकडच्या केंद्रीय कायद्याने मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर द्यायचे असतात आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. काही राज्यांत जास्त आहे. बाकीचा पगार गिऱ्हाइकाने टिपमधून भरायचा, अशी ती रचना आहे. टिप धरूनही किमान वेतन भरत नसेल तर कायद्याने फरक मालकाने द्यायचा असतो, पण त्या माणसाची खरी कमाई टिपवरच असते. आपल्याकडे टिप मिळते म्हणून किमान वेतन कमी, असा प्रकार कायद्यात नाही. इथे टिप वरची आहे. तिच्यावर घर चालत नाही, पण महिन्याचा किराणा निघतो, आणि आठ-नऊ तास उभं राहून, ओल्या हातांनी, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात काम करणाऱ्याला तो निघावा असं मला मनापासून वाटतं.

नाशिकच्या हिशेबाने सांगतो. काउंटरला उभं राहून पिणाऱ्याने एका राउंडला वीस ते पन्नास द्यावेत. सहा जणांचा ग्रुप असेल तर पहिल्या राउंडला शंभर, मग मधल्या राउंडला काही नाही दिलं तरी चालतं. टेबलावर बसला असाल तर बिलाच्या पाच ते दहा टक्के, यापेक्षा जास्त कोणी अपेक्षा करत नाही. पाच हजारांच्या बिलावर वीस रुपये ठेवण्यापेक्षा काहीच ठेवलं नाही तर बरं, असं पोरं म्हणतात, आणि मला ते पटतं. आणि ज्याला परवडत नाही त्याने देऊ नये. मी वर सांगितलेलं जागा, नजर, तयार ऑर्डर, तयार पैसे, हे सगळं फुकट आहे आणि त्यावर बहुतेक काम भागतं. टिप न देणाऱ्या पण नीट वागणाऱ्या गिऱ्हाइकाला बारटेंडर कधीच मागे ठेवत नाही. निदान चांगल्या बारवर नाही.

पण टिप देण्याआधी ती कुठे जाते हे विचारा. हे कोणी विचारत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. बऱ्याच ठिकाणी टिपचा डबा एकच असतो आणि वाटप पॉइंटवर, म्हणजे हुद्द्याप्रमाणे ठरलेल्या हिश्शांवर, होतं: कॅप्टनचे पॉइंट जास्त, मग बारटेंडर, स्टुअर्ड, हेल्पर, किचन, आणि मोरीत ग्लास धुणारा माणूस. हे वाटप प्रामाणिक असेल तर उत्तम, कारण तुमचा ग्लास स्वच्छ आला तो मोरीतल्या माणसामुळे, आणि त्याला तुम्ही कधी बघणारही नाही. काही ठिकाणी मात्र टेबलाची टिप टेबलावरच संपते, बारपर्यंत काही येत नाही. आणि काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करून बिलापेक्षा शंभर जास्त पाठवलेत, तर ते शंभर मालकाच्या खात्यात जातात. तिथून मुलाच्या हातात येतील की नाही हे त्या मालकावर. म्हणून साधा प्रश्न: ‘दादा, हे तुम्हाला मिळतात का?’ तो खरं उत्तर देतो. नाही म्हणाला तर रोख द्या. खिशात दहा-वीस-पन्नासच्या चार नोटा ठेवून निघण्याचं एवढं एकच कारण मला अजून पटतं. बाकी सगळं यूपीआयवर होतंच.

यूपीआयचंही एक सांगतो. तळमजल्याच्या खाली किंवा जाड भिंतींच्या हॉलमध्ये नेटवर्क जातं. पैसे अडकले, चक्र फिरतंय, तुम्ही फोन वर धरून उभे, मागे दहा जण, आणि बारटेंडर ग्लास हातात धरून थांबलेला. कार्ड असेल तर टॅप करा. पाच हजारांपर्यंत पिन टाकावा लागत नाही, हातातला ग्लास खाली ठेवायच्या आत काम होतं.

सर्व्हिस चार्जबद्दल स्पष्ट असू द्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हॉटेलने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये असं म्हटलं आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना वैध ठरवल्या. तेव्हा बिलावर सर्व्हिस चार्ज दिसला तर ‘हा काढून द्या’ असं शांतपणे सांगता येतं. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण भांडण स्टुअर्डशी नको, तो बिल बनवत नाही. कॅप्टन किंवा मॅनेजरला बोलवा. आणि काढून घेतलेल्या पैशांतला एखादा हिस्सा रोख स्वरूपात त्या मुलांच्या हातात दिलात तर उत्तमच. उलट, सर्व्हिस चार्ज तुम्ही मान्य करून भरला असेल तर वर पुन्हा टिप द्यायची गरज नाही.

टिपने काय मिळत नाही हेही सांगायला हवं, कारण दर शनिवारी कोणीतरी प्रयत्न करतंच.

‘जरा हात सैल सोड, बघून घेतो तुला’ हे वाक्य बारटेंडरला सगळ्यात जास्त अडचणीत टाकतं. ७५० मिलीच्या बाटलीत तीसचे पंचवीस पेग असतात. बंद करताना प्रत्येक उघडी बाटली मोजतात आणि विकलेल्या पेगांशी जुळवतात. त्याशिवाय राज्य उत्पादन शुल्क विभागासाठी रोजच्या विक्रीची नोंदवही ठेवावी लागते, आणि पेगचं माप वजनमापे विभागाकडून तपासून शिक्का मारलेलं असावं लागतं. तुम्ही शंभर देऊन वीस मिली जास्त घेतलीत तर ती तूट कुणाच्या तरी पगारातून जाते, आणि ती ओतणाऱ्याच्याच जाते. माप कमी वाटलं तर मात्र बेलाशक बोला, ‘माप समोर धरून ओता’ म्हणा. तो तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी टिप लागत नाही.

वयाचंही तसंच. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि हार्ड लिकरसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. दारावर बाउन्सरने सोडलं असलं तरी बारवर पुन्हा कार्ड मागितलं जाऊ शकतं. तुम्ही सव्वीसचे असाल आणि दिसत बावीसचे असाल तर चिडू नका, ओळखपत्र दाखवा. लायसन्स त्या बारचं आहे, नोकरी त्या मुलाची आहे.

आणि ज्याला पुरे झालीय त्याला आणखी मिळत नाही. बोलताना जीभ जड झाली, काउंटरवर भार टाकून उभा राहायला लागला, की चांगला बारटेंडर पाणी पुढे करतो आणि ऑर्डर घेत नाही. अशा वेळी पाचशे दाखवणारे भेटतात. दाखवू नका. त्या माणसाला पुढे गंगापूर रोडने गाडी काढायची असते, आणि कायद्याची मर्यादा शंभर मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे. तुमच्या ग्रुपमधल्या एकाला बारटेंडरने नाही म्हटलं, तर दुसऱ्याने त्याच्यासाठी म्हणून गुपचूप ऑर्डर देऊ नये. आतून ते दिसतं, आणि मग पूर्ण ग्रुपचं बंद होतं.

मुलींसाठी दोन ओळी वेगळ्या लिहितो. काउंटरला कोणी अंगचटीला येत असेल, न मागता ड्रिंक पाठवत असेल, तर बारटेंडरला सांगा. मोठ्याने नको, ‘दादा, हा त्रास देतोय’ एवढं पुरतं. तो बाउन्सरला खूण करतो. ग्लास त्याच्या हातातून स्वतःच्या हातात घ्या, मधल्या माणसाकडून नको, आणि नाचायला जाताना काउंटरवर सोडून जाऊ नका. सोडलेला ग्लास परत प्यायचा नाही, नवा मागा. या मदतीसाठी पैसे पुढे करू नका. कुणी घेणार नाही.

वेळेचं शेवटी सांगतो, कारण खरं तर सगळ्यात सोपा उपाय तोच. गर्दी साधारण अकरा ते साडेबारा असते. साडेनऊ-दहाला पोहोचलात तर टेबल मिळण्याची शक्यता असते, बारटेंडरशी ओळख होते, आणि पहिली टिप त्या निवांत वेळी दिलीत तर गर्दीत तो तुम्हाला शोधून बघतो. द्राक्षांच्या हंगामात, म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि प्रत्येक लाँग वीकेंडला मुंबई-पुण्याची गर्दी वायनरी फिरून संध्याकाळी शहरात उतरते. तेव्हा अर्धा तास आणखी आधी निघा. ३१ डिसेंबरला काउंटरवर उभं राहून पिण्याचा बेतच करू नका, टेबल बुक करा. शेवटची ऑर्डर पुकारली की एकदम पन्नास माणसं धावतात. त्याच्या पंधरा मिनिटं आधी तुमचा शेवटचा राउंड आणि पाणी मागवून ठेवा, बिल तेव्हाच चुकतं करा.

आणि त्या शनिवारी खरंच तुमच्यावर अन्याय झाला असेल, म्हणजे नजरानजर झाली, मान हलली, तरी तिघं मागून येऊन पुढे गेले असतील, तर त्याच क्षणी काउंटरवर आवाज चढवू नका. कॅप्टन बारच्या टोकाला उभा असतो, बहुतेक वेळा वेगळ्या रंगाच्या शर्टात. त्याच्याकडे जा, ऑर्डर सांगा, किती वेळ झाला ते सांगा. तो स्वतः आत जाऊन ड्रिंक बनवून आणतो. त्याने आणून दिलं तर टिप त्याला नको, ‘बारमध्ये द्या’ म्हणा. त्या मुलापर्यंत ती पोहोचली की पुढच्या वेळी तुमचा चेहरा तो विसरत नाही.